घरफाळ्याच्या पानावर प्लॉटची जाहिरात: गावच्या वेबसाइटचं जाहिरात आणि गोपनीयता धोरण कसं लिहावं

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची वेबसाइट मी करून दिली. तळाला 'गोपनीयता धोरण' अशी लिंक पाहिजे, असं कार्यालयातून सांगितलं, आणि मी सगळे करतात तेच केलं. दुसऱ्या एका कार्यालयाच्या साइटवरचं धोरण उचललं, नाव बदललं, चिकटवलं. दोन महिन्यांनी गावातल्या निवृत्त गुरुजींचा फोन आला. "बाळ, आपल्या गावात बंदर कधी झालं?" बघतो तर चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं, माहितीबाबत तक्रार असल्यास बंदर विभागाशी संपर्क साधावा. पंचगंगेचं पाणी चढलं की आमच्याकडे बोट येते खरी, पण बंदर नाही.

बंदरावर गुरुजी हसले. त्याच पानावरच्या दुसऱ्या एका वाक्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं: 'या संकेतस्थळावर कोणतीही वैयक्तिक माहिती गोळा केली जात नाही.' तीच साइट दिवाबत्तीच्या तक्रारीसाठी नाव, पत्ता, मोबाइल आणि आधार नंबर मागत होती. आणि तो अर्ज मीच बनवला होता.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी साइट काय करते ते बघायचं, नको ते काढायचं आणि जे उरेल तेवढंच धोरणात लिहायचं. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती आहेत, शिवाय नगरपालिका, नगरपंचायती वेगळ्या. त्यातल्या कुठल्यातरी टेबलावर नुकतंच 'वेबसाइटचं तुम्ही बघा' असं सांगून ज्याला बसवलंय, त्या ऑपरेटरसाठी, क्लार्कसाठी किंवा राजारामपुरीत छोटं ऑफिस थाटलेल्या नव्या वेब डिझायनरसाठी हे लिहितोय.

पहिली पायरी: साइट उघडा, पण पाहुण्यासारखी

आपल्या कॉम्प्युटरवर आपण कायम लॉगिन असतो, त्यामुळे आपल्याला साइट वेगळी दिसते. क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडा, साइटचा पत्ता टाका आणि कीबोर्डवरचं एफ १२ बटण दाबा. बाजूला एक पट्टी उघडते. तिच्यात 'नेटवर्क' हा टॅब निवडा आणि पान पुन्हा लोड करा. खाली ओळी धावायला लागतील. प्रत्येक ओळ म्हणजे वाचकाच्या ब्राउझरने कुणाकडे तरी केलेली मागणी. यातल्या किती तुमच्या स्वतःच्या पत्त्यावर गेल्या आणि किती परक्या, ते वहीत लिहून काढा.

मी ज्या साइटचं सांगतोय तिच्या पहिल्या पानावरून सात परक्या ठिकाणी मागण्या जात होत्या. अक्षरांचे फॉन्ट गूगलकडून येत होते. गावच्या यात्रेचा व्हिडिओ यूट्यूबचा होता. नकाशा होता, फेसबुक पेजची चौकट होती, हवामानाची पट्टी होती. कोपऱ्यात चॅटचा फुगा होता, ज्याला उत्तर द्यायला कुणीच बसलेलं नव्हतं. आणि सगळ्यात खाली, अभिमानाने लुकलुकणारं, 'आपण या संकेतस्थळाचे अमुक हजारावे पाहुणे आहात' असं फुकटचं काउंटर.

काउंटरवर जरा थांबू, कारण बहुतेक गावांच्या साइटवर तेच असतं आणि सगळ्यात मोठं भोकही तेच. हे काउंटर बहुतेक वेळा आकड्याचं साधं चित्र नसतं. कुठल्यातरी परक्या सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम तुमच्या पानात येऊन चालतो. आज तो आकडा दाखवतो. उद्या त्या काउंटरच्या मालकाने धंदा विकला, तर नवा मालक त्याच जागेतून जाहिरात दाखवू शकतो, वाचकाला भलत्याच साइटवर ढकलू शकतो, आणि तुम्हाला विचारण्याची त्याला गरजही नाही. कारण दार तुम्हीच उघडं ठेवलंय. वाड्याची किल्ली ओळखपाळख नसलेल्या माणसाकडे ठेवायची आणि वर दिंडी दरवाजावर 'आतलं सगळं सुरक्षित आहे' अशी पाटी लावायची, त्यातला हा प्रकार.

काउंटर काढून टाका. कुणाचं काही अडत नाही. फॉन्टच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, देवनागरीचे मोफत फॉन्ट मुबलक आहेत. यूट्यूबचा व्हिडिओ लावताना 'प्रायव्हसी एनहान्स्ड मोड' असा पर्याय मिळतो, तो घ्या. किंवा सरळ एक फोटो लावा आणि त्यावर लिंक द्या. म्हणजे ज्याला व्हिडिओ बघायचाय तोच यूट्यूबकडे जाईल. हवामानाची पट्टी काढा, आभाळाकडे बघता येतं. आमच्या सातांतला शेवटी एक नकाशाच उरला, आणि तोही 'संपर्क' या एकाच पानावर.

कुकी हा शब्द वाचून बरेच जण बिचकतात. ब्राउझरने आठवणीसाठी ठेवलेली ती चिठ्ठी असते. तुम्ही मराठी निवडलंत की इंग्रजी, एवढं लक्षात ठेवणारी तुमच्याच साइटची चिठ्ठी निरुपद्रवी. परक्या कंपनीने ठेवलेली चिठ्ठी मात्र वाचक या साइटवरून त्या साइटवर गेला की त्याच्यामागे जाते. परक्या मागण्या कमी केल्या की परक्या चिठ्ठ्या आपोआप कमी होतात. मग 'कुकी स्वीकारा' म्हणणारी अर्धा स्क्रीन व्यापणारी पाटीही लावावी लागत नाही.

दुसरी पायरी: जाहिरात म्हणजे नक्की काय, ते ठरवा

मराठीत ही गंमत आहे. निविदेची जाहिरात, भरतीची जाहिरात, लिलावाची जाहिरात या सगळ्या सरकारी कामाच्या. त्या साइटवर आल्याच पाहिजेत, वेळेवर आल्या पाहिजेत आणि मुदत संपल्यावर 'जुन्या सूचना' या पानात गेल्या पाहिजेत. आणि 'हायवे टच एनए प्लॉट' हीसुद्धा जाहिरातच. धोरणात नुसतं 'जाहिराती स्वीकारल्या जाणार नाहीत' असं लिहिलंत, तर मासिक सभेत कुणीतरी हमखास विचारतो, "मग टेंडरचं काय करायचं?" म्हणून धोरणात दोन वेगळे शब्द वापरा: 'कार्यालयीन जाहीर सूचना' आणि 'व्यावसायिक जाहिरात'. पुढचे निम्मे वाद इथेच मिटतात.

आता व्यावसायिक जाहिरातीचा मुद्दा. सरपंच म्हणतात, साइटचा खर्च तरी निघेल, दिवाबत्तीला हातभार लागेल. विचार चुकीचा नाही. पण हिशोब बसत नाही. गावची साइट दिवसाला मोजकी माणसं उघडतात, तेवढ्यावर जाहिरातीच्या नेटवर्ककडून, म्हणजे साइटवर जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीकडून, चहापाण्यापुरतेही पैसे येत नाहीत. त्या बदल्यात काय जातं ते बघा.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही सालांत जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. अशा दिवसांत रात्री एक-दोन वाजता लोक मोबाइलवर पाणीपातळी बघतात. लाईट गेलेली, चार्जिंग संपत आलेलं, रेंजची एक कांडी. एका पावसाळ्यात मी स्वतः असं एका गावाचं पान उघडलं, स्थलांतराची शाळा कुठली ते बघायला. आधी आली पूर्ण स्क्रीनभर प्लॉटची जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की तीनदा बोट लावलं आणि तिन्ही वेळा प्लॉटचीच साइट उघडली. चौथ्यांदा मी फोन खाली ठेवला आणि शेजाऱ्याला विचारलं.

दुसरं नुकसान हळू होतं, म्हणून दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या पानावर एखाद्या बिल्डरची जाहिरात असली, तर वाचणाऱ्याला वाटतं, पंचायतीने कागद तपासलेले असणार. त्याच बिल्डरची बांधकाम परवानगीची फाइल तुमच्याच कार्यालयात पडलेली असते. दवाखाना, क्लासेस, पतसंस्था यांचंही तसंच. जाहिरात लावणारा आज ना उद्या तुमच्याकडे अर्जदार म्हणून येतोच. आमच्याकडे चौकातल्या फ्लेक्स बोर्डाला 'डिजिटल' म्हणतात. शहरात असा डिजिटल लावायचा तर महापालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं. जाहिरातीचं उत्पन्न हवं असेल तर त्याची जागा चौकात आहे. तिथला बोर्ड बिल्डरचा आहे हे सगळ्यांना कळतं. घरफाळ्याच्या पावतीशेजारी लावलेला बोर्ड कुणाचा, ते कळत नाही.

जाहिरातीचं नेटवर्क, उदाहरणार्थ गूगल ॲडसेन्स, तर आणखी पुढचं. तिथे कुठली जाहिरात दिसणार हे तुम्ही ठरवतच नाही. वाचकागणिक वेगळी दिसते. तुमच्या कॉम्प्युटरवर मिक्सर दिसतो आणि वाचकाच्या मोबाइलवर रमी. कुणी स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला, तर 'आमच्याकडे असं दिसत नाही' हे उत्तर खरं असूनही कुणाला पटत नाही.

राजकीय जाहिरात हा आमच्या भागातला खास विषय. वाढदिवसाच्या शुभेच्छा, अभिनंदन, भावी अमुकतमुक. सरकारी पैशातून होणाऱ्या जाहिरातींत कुणाचे फोटो चालतील यावर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी निकाल दिला आणि मार्च २०१६ मध्ये त्यात मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांच्यापुरती सवलत दिली. सरकारी जाहिरात पक्षाच्या किंवा नेत्याच्या प्रचारासाठी नको, हा त्याचा गाभा. पदाधिकाऱ्यांच्या यादीत सरपंच-उपसरपंचांचा छोटा फोटो ही माहिती झाली. पहिल्या पानावर सरकणारा सहा फुटी चेहरा ही जाहिरात. आचारसंहिता लागली की फोटो उतरवण्याची धावपळ होते, ती टाळायची तर फोटो पहिल्यापासून एकाच पानावर ठेवा, म्हणजे एकच पान बंद करून भागतं.

एक अपवाद मी स्वतः मान्य करतो. गावातल्या बचत गटांची, चप्पल बनवणाऱ्या कारागिरांची, गुऱ्हाळांची यादी. ती माहिती म्हणून देता येते, पण तीन अटींवर: कुणाकडून पैसे नाहीत, निकषात बसणारा प्रत्येक जण यादीत, आणि क्रम अकारविल्हे. मोबाइल नंबर टाकायचा तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी घेऊनच. यातली एक अट सुटली की तीच यादी जाहिरात होते.

वेबसाइट करणाऱ्या एजन्सीची तळाला असलेली 'डिझाइन बाय' ओळ? नाव राहू द्या. लिंक आणि फोन नंबर काढायला सांगा. मी डिझायनर असूनही हे म्हणतोय.

मग जाहिरात धोरण एवढंच उरतं. हे जसंच्या तसं घेतलंत तरी हरकत नाही, फक्त बंदर शोधायला लावू नका:

'या संकेतस्थळावर कोणत्याही व्यक्ती, संस्था, कंपनी किंवा राजकीय पक्षाची व्यावसायिक अथवा प्रचाराची जाहिरात घेतली जात नाही, मोबदला मिळो वा न मिळो. निविदा, भरती, लिलाव व इतर कार्यालयीन जाहीर सूचना प्रसिद्ध केल्या जातात. बाहेरच्या संकेतस्थळाची लिंक केवळ नागरिकांच्या सोयीसाठी दिलेली असते. त्यामुळे त्या संस्थेच्या मालाची किंवा सेवेची शिफारस होत नाही. या पानांवर कुठे जाहिरात दिसल्यास कृपया तिचा स्क्रीनशॉट पुढील पत्त्यावर पाठवा.'

शेवटचं वाक्य गाळू नका. साइट हॅक झाल्याचं कार्यालयाला बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी कळतं.

तिसरी पायरी: अर्जातल्या चौकटी मोजा

साइटवरचा प्रत्येक अर्ज कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक चौकटीपुढे लिहा: हे कशाला हवंय, कोण बघणार, किती दिवस ठेवणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'असू दे, लागलं तर' असं आलं की ती चौकट खोडा.

दिवाबत्तीच्या अर्जात माझ्या अकरा चौकटी होत्या. जन्मतारीख होती, लिंग होतं, आधार होता. रस्त्यावरचा बल्ब बदलायला आधार कशाला लागतो, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. गुरुजींच्या फोननंतर चार ठेवल्या: नाव, मोबाइल, खांबाचा नंबर किंवा जवळची खूण, तक्रार. वायरमनचं म्हणणं, पूर्वीपेक्षा आता काम सोपं झालं, कारण खांबाचा नंबर आधी विचारलाच जात नव्हता.

अर्ज कुठे जमा होतो, हेही बघा. कित्येक ठिकाणी तो गूगल फॉर्म असतो आणि फॉर्म ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर. ऑपरेटर बदलला की गावच्या तीन वर्षांच्या तक्रारी, मोबाइल नंबरांसकट, त्याच्याबरोबर जातात. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो, त्याला वेगळा मेल दिलेलाच नसतो. कार्यालयाच्या नावाचा मेल काढा, पासवर्ड बंद पाकिटात कपाटात ठेवा आणि माणूस बदलला की पासवर्ड बदला. दाखल्यासाठी लोक व्हॉट्सॲपवर आधार, रेशनकार्डाचे फोटो पाठवतात, तेही काम झालं की फोनमधून पुसा. गॅलरीत ते सहलीच्या फोटोंच्या शेजारी पडून असतात.

चौथी पायरी: जे प्रसिद्ध करता ते पुन्हा वाचा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि इथेच सगळ्यात जास्त बहाणेही होतात.

चुका आधी. घरकुलाची यादी पीडीएफमध्ये चढवली, त्यात नावाशेजारी आधार, बँक खातं, मोबाइल. आधार नंबर असा जाहीर मांडायला आधार कायद्याच्या कलम २९ मध्येच मनाई आहे. ओळख पटवायची असेल तर शेवटचे चार आकडे पुरतात. नंबरावर काळी पट्टी मारली म्हणून निर्धास्त राहू नका. पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ठेवला असेल, तर खालची अक्षरं सिलेक्ट करून कॉपी करता येतात. एक्सेलमध्ये लपवलेला कॉलम एका क्लिकवर उघडतो. नको असलेला कॉलम मूळ फाइलच्या प्रतीतून पुसायचा, मग पीडीएफ करायची, मग ती उघडून त्यात 'शोधा' वापरून एखादा नंबर सापडतो का ते बघायचं. एवढं केलं तरच चढवायचं.

माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारदाराचा मोबाइल, पूरग्रस्तांच्या यादीतलं बँक खातं, यातलं काहीही साइटवर नको. घरफाळ्याच्या थकबाकीदारांची यादी साइटवर टाकून लाजवायची कल्पना दर मार्चला कुणाला तरी सुचते. कायद्याने दिलेली नोटिशीची आणि वसुलीची पद्धत आहे, ती वापरा. बोर्डावरची यादी महिन्याभरात फाटते, नेटवरची फाटत नाही. आणि माणसाने फाळा भरला तरी गूगलमध्ये तो थकबाकीदारच राहतो.

आता बहाणे. 'प्रायव्हसी आहे' असं म्हणून कामांची बिलं, ठेकेदाराचं नाव, सभेचं इतिवृत्त लपवायचा मोह होतो. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या १७ बाबी दिल्या आहेत. अधिकाऱ्यांची नावं, कामं, पगार, अंदाजपत्रक, अनुदान कुणाला कसं मिळालं, हे सगळं त्यात येतं. लाभार्थ्याचं नाव, योजना आणि रक्कम जाहीर होऊ शकते. त्याचा आधार नंबर आणि बँक खातं नाही. खासगीपणा नागरिकाचा जपायचा आहे, कार्यालयाचा नाही.

पाचवी पायरी: आता धोरण लिहा

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे २०२७ चा मे महिना धरून चाला. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा ग्रामपंचायतीला घाबरवायला सांगत नाही, पण एजन्सीशी करार करताना टेबलावर ठेवायला उपयोगी पडतो.

दाखला, परवाना, अनुदान अशा सेवांसाठी शासनसंस्थेला ठरावीक अटींवर संमतीशिवायही माहिती वापरता येते. तरी काय घेता आणि कशासाठी घेता, हे सांगायला कुणी अडवलेलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचं मात्र वेगळं आहे. शाळेची ऑनलाइन प्रश्नमंजूषा किंवा चित्रकला स्पर्धेचा अर्ज ठेवलात, तर पालकांची संमती लागते, आणि मुलांवर नजर ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिरात दाखवणं कायद्याला मंजूर नाही. म्हणजे जाहिरात नेटवर्क न घेण्याचं आणखी एक कारण.

धोरण मराठीत लिहा, आणि बोलल्यासारखं लिहा. इंग्रजीतून यंत्राने उलथवलेलं नको. शिरोळ, गडहिंग्लज, चंदगडकडच्या सीमेवरच्या गावांत कन्नड वाचणारी घरं असतील, तर एक कन्नड पानही करा. संमती मागताना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यावा, असं नवा कायदाही म्हणतो.

आमच्या त्या गावाचं आजचं धोरण असं आहे:

'ही साइट नुसती वाचण्यासाठी तुम्हाला नाव किंवा नंबर द्यावा लागत नाही. साइट उघडल्याची वेळ, पान आणि तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक सुरक्षेसाठी सर्व्हरवर नोंदला जातो आणि १८० दिवसांनी पुसला जातो. दिवाबत्ती व पाण्याच्या तक्रारीसाठी आम्ही नाव व मोबाइल नंबर घेतो. तो ग्रामपंचायत अधिकारी, ऑपरेटर आणि काम करणारा कर्मचारी एवढेच पाहतात. तक्रार मिटल्यावर एक वर्षाने मोबाइल नंबर काढून टाकला जातो. "संपर्क" या पानावर गूगलचा नकाशा आहे. ते पान उघडल्यास तुमची काही माहिती गूगलकडे जाते. इतर कोणत्याही पानावर बाहेरच्या कंपनीचा मजकूर नाही. तुमची माहिती बघायची, दुरुस्त करायची किंवा पुसायची असेल तर कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच मिळेल.'

याखाली जबाबदार माणसाचं पद, कार्यालयाचा फोन आणि शेवटच्या बदलाची तारीख. झालं. 'आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो' हे वाक्य कुठेही नाही, आणि त्याची उणीव कुणाला भासलेली नाही.

१८० दिवस हा आकडा मनाने घातलेला नाही. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी तेवढे दिवस ठेवायला सांगितल्या. नव्या नियमांत काही नोंदी वर्षभर ठेवाव्या लागणार आहेत, तेव्हा ते लागू झाले की हे वाक्य बदलेल. म्हणूनच तारीख लिहायची.

सहावी पायरी: सभेतून मंजूर करून घ्या

धोरण डिझायनरच्या मनाने साइटवर चढलं तर त्याला काही किंमत नाही. टिपणी लिहा, मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह ठराव प्रोसिडिंगला येऊ द्या, आणि ठराव क्रमांक धोरणाच्या तळाला छापा. उद्या एखादा वजनदार माणूस प्लॉटची जाहिरात घेऊन आला, तर ऑपरेटरला 'साहेब, ठराव आहे' एवढं म्हणता आलं पाहिजे. तो पोरगा कंत्राटी असतो, त्याच्या हातात कागद द्या.

एजन्सीच्या करारात या गोष्टी बघा: डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कार्यालयाच्या नावावर आहे का, एजन्सीच्या? मुदतवाढीचा मेल कुणाला येतो? परवानगीशिवाय बाहेरचा कोड लावणार नाही, असं लिहिलंय का? करार संपल्यावर डेटा परत देऊन स्वतःकडचा पुसणार का? डोमेनचं पहिलं सर्वांत महत्त्वाचं. बिल थकलं, एजन्सी गेली, मुदत संपली आणि गावाच्या नावाचा पत्ता दुसऱ्याने विकत घेऊन तिथे जुगाराचं पान लावलं, की पुढे काही करता येत नाही. शाळेच्या भिंतीवर, पावत्यांवर, लग्नपत्रिकेतल्या सरपंचांच्या नावाखालीसुद्धा तोच पत्ता छापलेला असतो. सरकारी गव्ह डॉट इन पत्ता मिळत असेल तर कागदपत्रांची कटकट सोसून तोच घ्या.

सातवी पायरी: वाईट दिवसासाठी एक कागद

साइट हॅक झाली किंवा यादी फुटली, तर काय करायचं ते आधीच ए-४ कागदावर लिहून ऑपरेटरच्या टेबलामागे चिकटवा. पहिल्यांदा स्क्रीनशॉट घ्या, मग साइट बंद करा. सर्ट-इनला सहा तासांत कळवायचं असतं. नवे नियम लागू झाले की ज्यांची माहिती फुटली त्यांना विनाविलंब सांगावं लागेल, आणि डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवून ७२ तासांत सविस्तर. कागदावर होस्टिंगवाल्याचा, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट आहे त्याचा, आणि वरच्या कार्यालयाचा नंबर असू द्या. हे नंबर साइटवरच ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि शेवटी, कार्यालयाबाहेरच्या कुणाकडून तरी धोरण मोठ्याने वाचून घ्या. मी नवा मसुदा घेऊन त्याच गुरुजींकडे गेलो. चहा झाला, चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि दुसऱ्याच ओळीवर त्यांनी गोल काढला. मी लिहिलं होतं, 'माहिती तृतीय पक्षास दिली जाणार नाही.'

"हा तिसरा पक्ष कुठला? गावात तर दोनच आहेत."

तिथे आता 'बाहेरची कंपनी' असं आहे.